सळईवरचा घास

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले फरीदाबाद हे गाव जुने. पण त्याचे आजचे औद्योगिक नगर १९४९ नंतर उभे राहिले. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांना तेथे वसविण्यात आले. सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजलेले पदार्थ आज या नगराच्या बाजारात अगदी परिचयाचे आहेत. ही रीत काही परकी नव्हे. अशा भाजलेल्या मांसाला संस्कृतात ‘शूल्य’ असे नावच आहे. कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने या भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना एक कोडे हमखास पडते. घरी सिमला मिरचीची भाजी पाहून तोंड फिरविणारे मूल बाजारात पनीराच्या तुकड्यांमध्ये ओवलेली तीच मिरची मुकाट्याने खाते. आई म्हणते, बाहेरच्या चवीची चटक लागली. पण कारण चवीत कमी आणि रीतीत अधिक आहे.

वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास मूल अनोळखी अन्नाविषयी साशंक होते आणि ही शंका पुढे काही वर्षे टिकते. चालू लागलेल्या, हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या जीवाचे विषारी पाल्यापासून रक्षण व्हावे, म्हणून निसर्गाने केलेली ही योजना असावी, असे अभ्यासक मानतात. घरातील वडीलधारी मंडळी मात्र तिला हट्ट समजतात. चिऊचा घास, काऊचा घास हा खेळ तोवर गोड, जोवर मूल हसते आहे. तोंड दाबून भरविण्याची वेळ आली की चिऊही उडून जाते आणि काऊही!

क्लारा डेव्हिस या अमेरिकन महिला डॉक्टरांनी १९२६ पासून एक विलक्षण प्रयोग केला. नुकत्याच अंगावरून तोडलेल्या मुलांपुढे साधे, बिनसाखरेचे निरनिराळे अन्नपदार्थ मांडून ठेवायचे आणि परिचारिकेने हूं की चूं न करता, मूल ज्याकडे हात करील तेवढेच द्यायचे. १९३९ साली त्यांनी १५ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रत्येकाची निवड वेगळी, एखाद्या दिवशी तर अगदी चमत्कारिक. तरी मुले चांगली पोसली गेली. अर्थात मांडलेले सारेच पदार्थ सकस होते, हे डेव्हिसबाईंनी स्वतःच बजावले आहे. पुढे लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ विदुषी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले की, बक्षिसाचे आमिष दाखवून पाजलेले पेय मुलांना नंतर पहिल्यापेक्षा कमी आवडू लागते. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या घरोघरच्या कराराचे फलित याहून वेगळे कसे असणार?

सळईचे मर्म येथे आहे. ताटातील भाजी ही एकजीव झालेली असते. तिच्यात काय दडले आहे हे मुलाला उमगत नाही. सळईवर प्रत्येक फोड सुटी, ओळखू येणारी. शिवाय ती ओवण्याचे काम मुलाकडे सोपविले, की अनोळखी वस्तू हाताळली जाते, हुंगली जाते, आणि पुष्कळदा जिभेपर्यंतही पोहोचते. त्यासाठी तंदूर पेटविण्याचीही गरज नाही. इडलीचे तुकडे, कोथिंबीरवडी, उकडलेला बटाटा, काकडी, पनीर हे सारे ओवता येते. दोन ओळखीच्या फोडींमध्ये एकच नवी असावी. लाल भोपळ्याची म्हणा किंवा मऊ शिजलेल्या गाजराची. काय ओवायचे आणि केव्हा जेवायचे हे आईबापांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाने.

एक सावधगिरी मात्र अनिवार्य आहे. सळईचे टोक डोळ्याला अथवा घशाला इजा करू शकते. लहान मुलाच्या हाती लोखंडी सळई देऊच नये. बांबूची काडी घेऊन तिचे टोक छाटावे, आणि ओवून झाल्यावर फोडी ताटात काढून द्याव्यात. काडी तोंडात धरून धावणे तर सर्वथा वर्ज्य. चार-पाच वर्षांखालील मुलांसाठी द्राक्षे उभी चिरावीत; कच्च्या गाजराचे टणक तुकडे व अख्खे शेंगदाणे टाळावेत, कारण ते श्वासनलिकेत अडकतात.

सळईने सर्व प्रश्न सुटतात असे मात्र नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्यांतील कित्येकांच्या घरी निवडीला वाव देईल इतके अन्नच नसते. अन्न असूनही ज्याचे वजन वाढत नाही, जे गिळताना ठसकते किंवा दोन-तीन पदार्थांपलीकडे काहीच घेत नाही, अशा मुलास डॉक्टरांना दाखविणे इष्ट. इतरांच्या बाबतीत धीर हवा. नव्या पदार्थाची ओळख पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा तो समोर यावा लागतो. आणि पुष्कळशी घरे तिसऱ्या-चौथ्या खेपेसच निराश होतात. भोपळ्याची फोड तशीच उरली, तर ती न बोलता उचलावी आणि चार दिवसांनी पुन्हा ओवायला द्यावी.