जत्रा उठली, नफा उरला

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग वाचायला.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनाजवळ 'एक्झिबिशन रोड' नावाचा रस्ता आहे. मला आधी वाटलं, आजूबाजूला एवढी म्युझियम्स आहेत म्हणून हे नाव. पण गोष्ट उलटी निघाली. आधी प्रदर्शन भरलं, म्युझियम्स नंतर आली.

१८५१ साली जवळच्या हाइड पार्कात 'ग्रेट एक्झिबिशन' भरलं, जगभरच्या वस्तूंची जत्राच म्हणा ना. बागांसाठी काचघरं बांधणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने सुमारे तीन लाख काचा लावून क्रिस्टल पॅलेस उभा केला. साडेपाच महिन्यांत साठ लाख वेळा लोक आत गेले. तिथे एक पेनी देऊन वापरायची शौचालयंसुद्धा होती, आणि तीही तुफान चालली!

सगळा खर्च जाऊन १,८६,००० पौंड उरले. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा आग्रह होता की हा पैसा शिक्षणाला लागावा. म्हणून ८७ एकर जमीन घेतली गेली. आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, इम्पिरियल कॉलेज, अल्बर्ट हॉल, सगळं त्याच जमिनीवर. शिवाय प्रदर्शन भरवणारं कमिशन अजून चालू आहे, शिष्यवृत्त्या देतं. न्यूझीलंडचा रदरफर्ड १८९५ मध्ये केंब्रिजला आला तो याच पैशावर.

काचेचा महाल मात्र दक्षिण लंडनला हलवला आणि १९३६ मध्ये जळाला. फुटबॉलवाल्यांना त्याचं नाव माहीत आहेच.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. त्या प्रदर्शनात पिंजऱ्यात ठेवलेला कोहिनूर होता. दोनच वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये, दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाला सही करायला लावून तो इंग्रजांनी घेतला होता. बघायला झुंबड उडाली आणि लोक नाराज होऊन परतले, कारण हिरा चमकतच नव्हता! आपल्याकडे हिऱ्याचं वजन राखून पैलू पाडत, त्यांना लखलखाट हवा होता. मग १८५२ मध्ये अल्बर्टनी तो पुन्हा कापून घेतला. १८६ कॅरटचा हिरा १०५ वर आला.

मला हे वाचून धक्काच बसला. आपण 'कोहिनूर परत द्या' म्हणतो, पण दुलीपसिंगाच्या हातून गेलेला हिरा आता टॉवर ऑफ लंडनमध्येही नाही. त्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग घासला गेला, तो प्रेक्षक नाराज झाले म्हणून.