जोतिबा उतरल्यावर जीपचं स्टिअरिंग का थरथरतं?

जोतिबाचा डोंगर उतरताना लिफ्ट केलेली जीप अगदी शहाण्यासारखी वागते. घाटात वेग असतोच किती, पंचवीस-तीस. खाली केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्याला लागलं, काटा साठ-पासष्टवर गेला, एका चाकाखाली खड्डा आला, की स्टिअरिंग डावी-उजवीकडे असं काही हलायला लागतं की हातात धरवत नाही. वेग तीस-पस्तीसवर आणल्याशिवाय ते थांबत नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजला न्यावी, तर मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "काय न्हाई ओ, गाडी झ्याक हाय."

तो खोटं बोलत नसतो. त्याच्या फेरीत गाडी खरंच थरथरलेली नसते. असं का होतं ते कळलं, की दोष कुठे शोधायचा तेही कळतं.

दोन वेगळे आजार

स्टिअरिंगची थरथर दोन प्रकारची असते. पहिली साधी. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय किंवा रिम वाकलीय, त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेरीला एक धक्का बसतो. ठरावीक वेगाला थरथर येते, वेग बदलला की कमी होते. इथे धक्का देणारं चाक आणि हलणारं स्टिअरिंग, एवढाच मामला.

दुसरी थरथर स्वतःच स्वतःला वाढवते. आमच्या विषयात तिला 'शिमी' म्हणतात, ऑफरोडवाले 'डेथ वॉबल' म्हणतात. ती समजायला जोतिबाची सासनकाठी आठवा. चैत्र यात्रेत ती उंच काठी नाचवताना बाजूची माणसं दोर धरून तिला सांभाळतात. काठी डावीकडे झुकली की उजवीकडचा दोर ओढायचा. पण समजा, दोर ओढणारा दरवेळी क्षणभर उशिरा ओढतोय. काठी आपणहून उजवीकडे परतायला लागलीय आणि त्याच वेळी उजवीकडून ओढ बसली! मग काठी सावरण्याऐवजी जास्तच झुकते. पुढच्या खेपेला आणखी. माणूस सावरण्यासाठीच ओढतोय, पण वेळ चुकल्यामुळे त्याची ताकद डोलण्यात जमा होतेय.

टायरचं असंच असतं. चाक थोडं वळलं की त्याला सरळ करणारं बाजूचं बल लगेच तयार होत नाही. रबर आधी पिळलं जातं, चाक काही अंतर पुढे लोळतं, मग बल पूर्ण येतं. हा उशीर ठरावीक वेगांना नेमका चुकीच्या क्षणी पडतो आणि गाडीच्या पुढे जाण्यातली ऊर्जा थरथरीत जायला लागते. हान्स पासेयका यांनी १९६६ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जी पीएचडी केली, ती चाकाच्या याच शिमीवर. विमानाच्या पुढच्या चाकाला आणि मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकालाही हा रोग होतो.

मेकॅनिकला का दिसत नाही?

सांध्यांमधलं घर्षण आणि स्टिअरिंग डँपर लहान थरथर गिळून टाकतात. म्हणजे साठच्या वेगाला गाडीला दोन अवस्था शक्य असतात: सरळ चालणं आणि जोरात थरथरणं. पहिलीतून दुसरीत जायला एक पुरेसा मोठा धक्का लागतो. गॅरेजच्या फेरीत तो खड्डाच लागला नाही, तर काहीच होत नाही. एकदा सुरू झाली, की मात्र जिथे सुरू झाली त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगावर येईपर्यंत थांबत नाही.

म्हणून खड्ड्याला दोष देऊ नका. खड्डा फक्त निमित्त. खरा प्रश्न असा, की धक्का बसल्यावर ती थरथर जिरवायला गाडी कुठे कमी पडली? उत्तर बहुतेक वेळा एखाद्या सांध्यातल्या 'प्ले'मध्ये असतं. प्ले आहे तेवढ्या अंतरात चाकाला कुणीच धरलेलं नसतं.

लिफ्टने काय बिघडतं?

मुळात हा आजार पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांचा: महिंद्राच्या जुन्या जीप, मारुती जिप्सी, जिम्नी. एक चाक उचललं गेलं की अख्खा ॲक्सल तिरका होतो आणि दुसऱ्या चाकालाही ओढतो. २०२०नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे थरथर आली तर आधी चाकं आणि टायर बघा.

लिफ्ट केल्यावर तीन गोष्टी होतात.

पहिली, कॅस्टर बदलतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा किंगपिनचा कल. पाट्यांच्या गाडीत पुढच्या टोकाला शॅकल असेल आणि तो लांब केला, तर ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ॲक्सल धरणारे आर्म खाली फिरतात, परिणाम तोच. गाडी रस्त्यावर भरकटायला लागते. पण म्हणून कॅस्टर वाढवत सुटायचं नाही. तो फार झाला तरी शिमी वाढू शकते.

दुसरी, ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड तिरके होतात. दोन्ही एकमेकांना समांतर नसतील, तर सस्पेन्शन वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळतं. म्हणजे प्रत्येक खड्डा स्टिअरिंगलाही धक्का देणार.

तिसरी, लिफ्टबरोबर मोठे, जड टायर येतात आणि बुश, टाय रॉड एंड, किंगपिन बेअरिंग मात्र कंपनीचेच राहतात. डोंगरावर पार्किंगसाठी जागच्या जागी स्टिअरिंग कापताना त्यांच्यावर जो ताण येतो, तो वाढतो. झीज वर होते, ती दिसते खाली हायवेला.

तपासणी, याच क्रमाने

१. नोंद करा. कुठल्या वेगाला सुरू झालं, कशाने, कुठल्या वेगाला थांबलं? साध्या थरथरीचा हिशोब सोपा आहे. ३१ इंची टायरचा घेर सुमारे २.४७ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला पावणेसात फेऱ्या मारतं, ८०ला नऊ. शेजारी बसलेल्याने फोनमधल्या कंपन मोजणाऱ्या ॲपवर हाच आकडा बघितला आणि तो वेगाबरोबर बदलत गेला, तर संशय चाकावर. मोठी थरथर मुद्दाम आणून मोजायच्या फंदात मात्र पडू नका.

२. गाडी सपाटीवर, चाकांना ओट लावून, हँडब्रेक ओढून उभी करा. चाकं जमिनीवरच हवीत. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली बघून एकेका सांध्यावर हात ठेवायचा: पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, शॅकलचे बुश, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि तिथे चासीला गेलेली चीर. हलायला नको तिथे हालचाल लागली, की चोर सापडला.

३. जॅक लावा, ॲक्सल स्टँडवर टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

४. सांधे घट्ट झाल्यावरच अलाइनमेंट. टो बरोबर कॅस्टरचा आकडाही मागून घ्या. तो कमी असेल, तर पाट्यांच्या गाडीत ॲक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर बसवतात. अशी पाचर किंवा बुश उद्यमनगरात लेथवर बनवून मिळेल.

५. टायरची हवा, बॅलन्सिंग, रिमची वाक.

स्टिअरिंग डँपर शेवटी. बहुतेक जण नेमका तोच आधी बदलतात, कारण काम अर्ध्या तासाचं आणि गुण लगेच. पण जाड डँपर प्ले काढत नाही, थरथर सुरू व्हायला लागणारा धक्का फक्त मोठा करतो. झीज आत चालूच राहते. मग एक दिवस तेवढा मोठा खड्डा लागतो, आणि तोवर टाय रॉड एंड निसटायच्या बेतात आलेला असतो. नव्या डँपरने सगळं बरं झालं असेल, तर गाडीखाली परत एकदा जा.

चालू प्रवासात सुरू झालं तर

करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण त्याच्याशी झटू नका. अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या, मग कडेला घ्या.

आणि एक, लिफ्ट करण्याआधी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला आडवं येतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. केलीच असेल, तर यात्रेला घरची माणसं मागे बसवण्याआधी वरची दुसरी तपासणी तेवढी करा. दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात.