भुकेवर जंगलाचा उतारा

साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत बारीपाडा हे आदिवासींचं छोटं गाव आहे. १९९०च्या आसपास त्याच्या भोवतालचे डोंगर उघडेबोडके झाले होते. पाऊस यायचा तो माती घेऊन निघून जायचा. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठायच्या, बायकांची पाण्यासाठी वणवण व्हायची. कणगी रिकामी झाली की माणसं मजुरीला परमुलखात जायची.

याच गावच्या चैत्राम पवारांनी वाणिज्य शाखेत उच्च शिक्षण घेतलं, पण नोकरी न धरता ते गावात राहिले. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक त्यांच्या पाठीशी होते. जंगल गेलं म्हणून पाणी गेलं आणि पाणी गेलं म्हणून पोट उपाशी राहिलं, हे पवारांनी गावाला पटवून दिलं. मग कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. नियम मोडणाऱ्याला दंड ठरला, राखणीला गावचीच माणसं उभी राहिली. उतारावर चर खोदले, नाल्यांवर बांध घातले. सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा वाढलं आणि विहिरींना पाणी आलं.

पाण्यामागून शेती सुधारली. गावाने चारसूत्री भातलागवड उचलली: भाताचे अवशेष शेतातच परत द्यायचे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवायचा, रोपं ठरावीक अंतरावर लावायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोचायच्या. आज बारीपाड्याचा इंद्रायणी तांदूळ बाहेर विकला जातो.

जंगलानेही ताट भरलं. २००४ पासून गावात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. कडूकंदाच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या, हे जाणणाऱ्या बायांच्या हातच्या रांधपाला तिथे मान मिळतो.

१९७४च्या जागतिक अन्न परिषदेतून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने २००३ साली गावाच्या कामाचा गौरव केला. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

कुपोषित बाळाला पोषण आहार आणि गरिबाच्या घरी रेशन पोचलंच पाहिजे. पण गावाची भूक कायमची हटते ती जंगल, पाणी आणि शेती गावाच्या हाती आल्यावर. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातल्या पाड्यांसाठी काम करणाऱ्यांनी एकदा बारीपाड्याला जावं आणि तिथले नियम आपल्या ग्रामसभेपुढे ठेवावेत.