तोंडी चौकशी आणि लेखी पोच : माजी सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दाव्याचा पाठपुरावा

प्रस्तावना :

ज्या रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर जिल्ह्यांनी मुंबईच्या गिरण्यांना कामगार पुरविले, त्याच जिल्ह्यांनी पलटणींना जवानही पुरविले. त्यामुळे लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगार आणि निवृत्त जवान एकाच मजल्यावर, कित्येकदा एकाच कुटुंबात आढळतात. अशाच एका निवृत्त हवालदारांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दाव्याची चौकशी करण्यासाठी प्रस्तुत लेखक त्यांच्यासोबत एका कार्यालयात तीन वेळा गेला. पहिल्या खेपेस 'फाइल वर गेली आहे', दुसऱ्या खेपेस 'साहेब रजेवर आहेत' आणि तिसऱ्या खेपेस 'वरून अजून काही आलेले नाही' अशी उत्तरे मिळाली. जिना उतरताना हवालदारकाका म्हणाले, "सर, मी तीनदा येऊन गेलो, हे उद्या कोण मानणार?" कर्मचाऱ्याच्या बेपर्वाईपेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दाव्याची चौकशी निष्फळ का ठरते आणि ती फलदायी कशी करता येते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दाव्याचा प्रवास :

'माझ्या दाव्याचे काय झाले?' हा प्रश्न वरवर एक असला तरी त्याची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरविते आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवले वा बळावले आहे काय, याविषयी मत देते. जवानाची कागदपत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तर तोफखान्याचे नाशिकला आहे. भूदलातील निवृत्तिवेतनाचे आदेश प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (निवृत्तिवेतन) यांच्याकडून निघतात. अलीकडच्या काळात हे काम 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे राज्य शासनाचे असून त्याची भूमिका साहाय्य व मार्गदर्शनाची आहे. दावा मंजूर करण्याचा अधिकार त्यास नाही. त्यामुळे दादरहून निघालेला माजी सैनिक ज्या खिडकीसमोर उभा राहतो, तेथे त्याच्या प्रश्नाचे उत्तर असेलच असे नाही.

असहकार्याची मीमांसा :

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली 'स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, नागरिकांशी थेट संबंध येणारा कनिष्ठ कर्मचारी अपुऱ्या साधनांनिशी वाढत्या मागणीला तोंड देत असतो. अशा वेळी तो रांग, खेपा आणि माहिती यांचेच नियंत्रण करू लागतो. 'उद्या या' हे उत्तर या दृष्टीने मागणी कमी करण्याचे एक साधन ठरते. या विवेचनाने असहकार्याचे समर्थन होत नाही. मात्र कर्मचाऱ्याशी वाद घालून व्यवस्था बदलत नाही, ही बाब त्यातून स्पष्ट होते.

विलंबाची किंमत :

विलंबाची झळ प्रत्यक्ष रकमेला लागते. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तर्सेम सिंग (२००८) या खटल्यातील सैनिक १९८३ साली वैद्यकीय कारणास्तव सेवेतून बाहेर पडला होता आणि त्याने १९९९ साली न्यायालयाकडे दाद मागितली. त्याचा निवृत्तिवेतनाचा हक्क कायम राहिला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी याचिकेपूर्वीच्या सुमारे तीन वर्षांपुरतीच मर्यादित ठेवली. उर्वरित वर्षांची रक्कम गेली ती गेलीच. पुढे अनेक प्रकरणांत या निर्णयाचा आधार घेतला गेला.

दुसरीकडे, धरमवीर सिंग विरुद्ध युनियन ऑफ इंडिया (२०१३) या खटल्यात याच न्यायालयाने सैनिकाच्या बाजूने महत्त्वाची तत्त्वे मांडली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर नंतरचा बिघाड सेवेमुळे झाला असे गृहीत धरले जाईल. त्याविरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत. हा निर्णय १९८२ च्या पात्रता नियमांवर आधारलेला होता. २०२३ साली नवे नियम आल्यामुळे सेवामुक्तीची तारीख पाहूनच तो लावता येतो. तथापि या तत्त्वांचा लाभ घेण्यासाठी दावा कोणत्या कारणाने नाकारला गेला, ते कागदावर हाती असणे अपरिहार्य आहे. 'नामंजूर झाला' एवढे तोंडी उत्तर त्यासाठी निरुपयोगी असते.

लेखी पाठपुराव्याची साधने :

(१) आवक क्रमांक : प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. तो नाकारल्यास अर्ज पोच मिळेल अशा टपालाने पाठवावा.

(२) माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ : दहा रुपये शुल्क भरून अभिलेख कार्यालयाकडे वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत, नकाराचे कारण आणि फाइल कोणत्या तारखेस कोणाकडे होती याचा तपशील मागता येतो. उत्तरासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास तो योग्य कार्यालयाकडे पाठविण्याची जबाबदारी कलम ६(३) अन्वये त्या कार्यालयाचीच असते. बाधित व्यक्तीस निर्णयाची कारणे देणे कलम ४ नुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्रात या अधिकारासाठी लढा उभारणारे अण्णा हजारे स्वतः माजी सैनिक आहेत, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

(३) विलंब प्रतिबंध : राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कार्यालयीन दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या तरतुदीचा नम्रपणे उल्लेख करता येतो.

(४) अपील व न्यायाधिकरण : नामंजुरीचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावयाचे असते. सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ च्या कलम २१ नुसार लेखी निवेदनावर सहा महिन्यांत अंतिम आदेश न झाल्यास न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग मोकळा होतो. महाराष्ट्रासाठी हे खंडपीठ मुंबईतच आहे. मात्र हे सहा महिने मोजले जातात ते लेखी निवेदनाच्या तारखेपासून. तोंडी चौकशीला तारीख नसते.

समारोप :

हवालदारकाकांच्या तीन खेपा कायद्याच्या दृष्टीने घडल्याच नव्हत्या. चौथ्या खेपेस त्यांनी दोन परिच्छेदांचा अर्ज दिला आणि स्थळप्रतीवर शिक्का घेतला. दाव्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. परंतु तो कोणत्या दिवसापासून प्रलंबित आहे, हे आता सांगता येते. अनेक वर्षे पलटणीत काढलेल्या माणसाला असा अर्ज लिहिणे अनेकदा कठीण जाते आणि त्यासाठी मदत मागणे कमीपणाचे वाटते. आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातच अशी कुटुंबे राहतात; आपल्या वर्गांत त्यांची नातवंडे बसतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावयास शिकविणे आणि आठवड्यातून एक तास अशा कुटुंबांसाठी राखून ठेवणे, एवढे प्राध्यापकांना निश्चितच करता येण्याजोगे आहे.