नोंद ठेवणारे, नोंद गाळणारे

१९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक-हिशेबात ७५ सेंटची तूट निघाली. तिथे संगणक जितका वेळ वापरला तितके पैसे त्या त्या विभागाच्या नावे पडत. हा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणा दोन होत्या. एक युनिक्सबरोबर आलेली, दुसरी प्रयोगशाळेतल्याच लोकांनी लिहिलेली. दोघींचे आकडे जुळेनात. खगोलशास्त्राचं अनुदान संपल्यामुळे नुकताच संगणक विभागात आलेला क्लिफर्ड स्टॉल हा नवखा माणूस. नवख्याला देतात तसलं हे किरकोळ काम त्याला मिळालं. शोधता शोधता बिलाचा पत्ताच नसलेला ‘हंटर’ नावाचा एक वापरकर्ता सापडला आणि मग लक्षात आलं की बाहेरचा कुणीतरी आत शिरून सर्वाधिकार मिळवून बसला आहे.

पुढे स्टॉलने जे केलं ते आजही शिकण्यासारखं आहे. ज्याच्या हाती सर्वाधिकार आहेत तो संगणकावरच्या नोंदी पुसूही शकतो, म्हणजे त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून एका शनिवार-रविवारी स्टॉलने सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टेलिटाइप यंत्रं गोळा केली आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० लाइनींना जोडली. जे टंकलं जाईल ते कागदावर उमटेल. पाहुण्याला त्याचा पत्ता लागणार नाही आणि ते खोडताही येणार नाही. सोमवारी बहुतेक कागद निरुपयोगी होते. एकावर मात्र त्या माणसाचं सगळं काम उमटलं होतं. त्यानंतर स्टॉलने सगळं छापणं सोडून ठरावीक नावं वापरात आली की आपला पेजर वाजेल अशी सोय केली. धागा पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला, आणि चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तचरांना विकली जात असल्याचं निघालं. स्टॉलने १९८९ साली या प्रकरणावर ‘द कुकूज एग’ हे पुस्तक लिहिलं.

आधी सगळं गोळा करणं, मग त्यातून हवं ते वेगळं काढणं, मग नेमक्या खुणेवर इशारा लावणं: आजच्या महागड्या लॉग-यंत्रणा हेच करतात, फक्त प्रिंटरऐवजी डेटा सेंटरमध्ये. गोळा करण्याची बाजू तंत्रज्ञानाने जवळपास सोडवली आहे. काय गाळायचं याकडे मात्र कॉन्फिगरेशनमधली एक ओळ म्हणून पाहिलं जातं आणि ती ओळ बहुधा घाईत, सर्वांत कनिष्ठ माणसाकडून लिहिली जाते. पुढे कुणाला काय कळेल आणि काय सिद्ध करता येईल, ते त्या ओळीवर ठरतं.

अगदी नवख्या वाचकासाठी थोडक्यात. प्रोग्राम चालताना स्वतःबद्दल जे लिहून ठेवतो तो लॉग. अमुक वेळी अमुक विनंती आली, अमुक फाइल सापडली नाही, पैसे वजा झाले पण पावती निघाली नाही, अशा ओळी. डेटाबेस ही खतावणी धरली तर लॉग ही रोजकीर्द: घडलं त्या क्रमाने, मागची ओळ न खोडता. प्रश्न एवढाच, की मोठ्या ॲप्लिकेशनची ही रोजकीर्द दिवसाला कोट्यवधी ओळींची असते.

तिला शिस्त लावण्याचा पहिला टिकाऊ प्रयत्न बर्कलीतच झाला. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल-प्रोग्रामसाठी ‘सिसलॉग’ लिहिला. त्यात नोंदीला गांभीर्याच्या आठ पायऱ्या होत्या: ० म्हणजे यंत्रणा कोलमडली, ३ म्हणजे एरर, ४ म्हणजे इशारा, ७ म्हणजे प्रोग्रामरच्या स्वतःच्या तपासापुरती ‘डीबग’ ओळ. राउटरपासून फायरवॉलपर्यंत सगळ्यांनी ही पद्धत उचलली, आणि गंमत म्हणजे तिचं रीतसर वर्णन करणारा आरएफसी ३१६४ हा दस्तऐवज थेट २००१ साली आला. त्यात वर्णन केलेल्या नोंदीच्या वेळेत महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद होते. साल नव्हतं आणि टाइम झोनही नव्हता. नोंदी पाठवण्याचा रूढ मार्ग यूडीपी, म्हणजे पोच न घेता टाकलेलं पत्र. जाळ्यावर ताण आला की त्या गुपचूप हरवत, आणि ताण येतो तेव्हाच त्या लागतात. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने वेळ संपूर्ण लिहायला लावली. पण जुन्या नमुन्याची उपकरणं अजून पुष्कळ आहेत.

पायऱ्यांची कल्पना उत्तम, वापर मात्र वाईट. कुठली ओळ कोणत्या पायरीची हे लिहिणारा प्रोग्रामर ठरवतो, आणि त्याच्या दृष्टीने त्याचं मॉड्यूल हेच जग असतं. मग पासवर्ड चुकल्यासारख्या रोजच्या गोष्टीही ‘एरर’ म्हणून नोंदल्या जातात, सपोर्टवाले त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि खरी एरर त्याच रांगेत उभी राहते. उलट प्रॉडक्शनमध्ये ‘इन्फो’ या पायरीच्या खालचं सगळं बंद ठेवण्याची प्रथा आहे, त्यामुळे बिघाड झाल्यावर पहिलं वाक्य असतं, “डीबग चालू करून पुन्हा घडतंय का बघू.” पुन्हा घडलं तर नशीब.

नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने याचं उत्तर १९९७ साली वेगळ्या पद्धतीने दिलं. ४ जुलैला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान हवामानाची मोजमापं सुरू झाल्यावर अधूनमधून स्वतःच रीसेट होऊ लागलं. उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आतल्या घडामोडी टिपणारी सोय मुद्दाम काढून टाकलेली नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर ती चालू ठेवून तोच प्रसंग घडवून आणला. कमी महत्त्वाच्या कामाने कुलूप अडवून धरल्यामुळे महत्त्वाचं काम खोळंबत होतं, हे त्या नोंदींत स्पष्ट दिसलं. दुरुस्ती एका सेटिंगची होती. ती मंगळावर पाठवली गेली. नोंदीचा खर्च वाचवण्यासाठी ती सोय काढली असती तर अंदाजाने बाण मारावे लागले असते.

एक मशीन होतं तोवर लॉग वाचणं सोपं होतं. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास लिहिलेला ‘ग्रेप’ आणि फाइलच्या शेवटाकडे डोळे लावून बसणारा ‘टेल’ पुरत. आजही अनुभवी माणूस आधी यांच्याकडेच वळतो. पण एकाच खरेदीची विनंती वीस-पंचवीस सर्व्हिसेसमधून फिरू लागली आणि नोंदी शंभर मशीनवर विखुरल्या, तेव्हा त्या एका जागी आणणं भाग पडलं. २००३ साली स्थापन झालेल्या स्प्लंकने लॉगमध्ये शोध घेण्याचाच धंदा केला. २०२४ मध्ये सिस्कोने ही कंपनी सुमारे २८ अब्ज डॉलरना घेतली. मुक्त स्रोतात इलॅस्टिकसर्च, लॉगस्टॅश आणि किबाना हे त्रिकूट रुळलं. प्रत्येक मशीनवर एक छोटा एजंट फाइलमधल्या नव्या ओळी उचलतो, मधल्या बफरमध्ये टाकतो, तिथे ओळीचे तुकडे होऊन वेळ, सर्व्हिस, पायरी असे रकाने पडतात, नको त्या ओळी गळतात आणि उरलेल्यांची शोधसूची बनते. ही सूचीच महाग असते. म्हणून २०१८ साली आलेल्या ग्राफानाच्या ‘लोकी’ने फक्त लेबलांची सूची करायची आणि मजकूर नुसता कॉम्प्रेस करून ठेवायचा, असा काटकसरी मार्ग घेतला.

जमवलेल्या नोंदी जुळवायला दोन गोष्टी लागतात. एक, विनंतीबरोबर शेवटपर्यंत फिरणारा ओळख-क्रमांक. तो नसेल तर शंभर मशीनच्या ओळी एकत्र आणून नुसता गोंधळ वाढतो. दुसरी, घड्याळं. हिंजवडीत रात्रपाळीला बसलेला सपोर्ट इंजिनिअर अमेरिकेतल्या ग्राहकाची तक्रार त्यांच्या वेळेत ऐकतो, सर्व्हरचा लॉग यूटीसीमध्ये वाचतो आणि मॅनेजरला भारतीय वेळेत सांगतो. यूटीसी आणि भारतीय वेळ यांच्यातल्या साडेपाच तासांतला तो अर्धा तास घाईत हमखास चुकतो. आपल्याकडची आणखी एक अडचण इंग्रजी माहितीपुस्तकांत क्वचितच सापडते. लॉग लिहिताना एन्कोडिंग नीट नसेल तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. काही लायब्ररी तर प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड सांकेतांक लिहितात. मग ग्राहकाचं नाव मराठीत शोधलं की उत्तर येतं, एकही नोंद नाही. नोंद असते, शोध तिच्यापर्यंत पोचत नाही.

सगळं ठेवणं परवडत नाही हे मोठ्यांनी लवकर मान्य केलं. गूगलने २०१० साली ‘डॅपर’ या मागोवा-यंत्रणेबद्दल लिहिलं तेव्हा १०२४ विनंत्यांपैकी एकीचाच माग ठेवला तरी गर्दीच्या सर्व्हिसेससाठी पुरतो, असा त्यांचा अनुभव होता. वेग कुठे मंदावतो हे कळायला ते पुरतं. एका विशिष्ट माणसाचे पैसे कुठे गेले हे कळायला पुरत नाही. म्हणून अलीकडे विनंती पूर्ण झाल्यावर निर्णय घेतात: बिघडलेली किंवा रेंगाळलेली असेल तर सगळा माग ठेवायचा, सुरळीत पार पडली असेल तर शेकड्यात एखादीच. मला ही पद्धत पटते, फक्त ‘सुरळीत’ म्हणजे काय हे ज्याने ठरवलं त्याच्याशी बोलून मगच.

गाळण्याची दुसरी बाजू म्हणजे जे लिहायलाच नको होतं ते. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्यापूर्वीच अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे उमटत होते. पुढच्या वर्षी फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड उघड्या स्वरूपात साठल्याचं मान्य केलं. त्याबद्दल २०२४ साली आयर्लंडच्या नियामकाने ९.१ कोटी युरोंचा दंड केला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये तर लॉग लिहिणारं साधनच दार ठरलं. जावाच्या जगात सर्वत्र असलेली ‘लॉग४जे’ ही लायब्ररी नोंदीतला एक विशिष्ट मजकूर नुसता लिहून न ठेवता त्याचा अर्थ लावत होती आणि त्यात दिलेल्या पत्त्यावरून कोड आणून चालवू शकत होती. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टंकली तरी सर्व्हर ताब्यात येई. अलीबाबाच्या सुरक्षा चमूने कळवलेल्या या दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० मिळाले. ती सोय २०१३ पासून तिथे होती. लॉगमध्ये काय जातं याकडे फारसं कुणी पाहत नाही, याचा यापेक्षा महाग पुरावा शोधावा लागेल.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी लॉग १८० दिवस सांभाळणं, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवणं आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं बंधनकारक केलं. घड्याळाचं कलम सर्वांत शहाणपणाचं. १८० दिवसांचं कलम कंपन्या पाळतात ते बऱ्याचदा डिस्क विकत घेऊन. त्या डिस्कवरच्या ओळींतून काही उलगडतं का, हे त्यांना कुणी विचारत नाही.

ते विचारलं गेलं ब्रिटनमध्ये, फार उशिरा. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक-यंत्रणा शाखाशाखांत बसवली. शाखेत तूट दिसली की सब-पोस्टमास्तरने ती भरायची, नाही तर चोरीचा खटला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. यंत्रणा चालवणाऱ्या फुजित्सूकडे सविस्तर नोंदी होत्या, ज्ञात दोषांचा एक अंतर्गत लॉगही होता. पण शाखेतल्या माणसाला त्या दिसत नव्हत्या. पोस्ट ऑफिसला त्या मागवता येत, पण करारात वर्षाकाठी ठरावीकच मागण्या बसत आणि त्यापुढे पैसे पडत. दूरवरून शाखेच्या खात्यात घातलेली नोंद त्या सब-पोस्टमास्तरनेच केल्यासारखी दिसू शकत होती. इंग्लंडच्या कायद्यात संगणक नीट चालत होता हे गृहीत धरलं जाई. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, आणि पुरावा दुसऱ्याच्या कपाटात. ज्ञात दोषांचा तो लॉग उघड करायला पोस्ट ऑफिसने आधी विरोध केला. १६ डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमधले दोष एकेक करून मांडले तेव्हा त्यात या लॉगचा मोठा वाटा होता.

त्यातला एक दोष स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे ८,००० पौंडांची रोख जमा करताना पडदा अडकला, एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि रक्कम चारदा नोंदली जाऊन कागदोपत्री २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. तक्रार आल्यावर फुजित्सूने मागच्या नोंदींत हाच नमुना शोधला. २०१० पासूनच्या पाच वर्षांत असे ११२ प्रसंग निघाले, ८८ शाखांमधले. त्या सगळ्या ओळी पाच वर्षं साठलेल्या होत्या आणि हा शोध त्यांच्यात त्याआधी कुणीही घेतला नव्हता.