वारंवार घोळणा फुटण्यावर शस्त्रक्रियेचा उपाय

नाकातून रक्त येणे, म्हणजेच घोळणा फुटणे, हा प्रकार बहुतेक घरांना परिचित आहे. डोक्यावर थंड पाणी ओतणे, कांदा हुंगायला देणे असे उपाय त्यावर परंपरेने केले जातात. बहुतांश वेळा रक्त काही मिनिटांत आपोआपच थांबते आणि श्रेय मात्र उपायाला मिळते. परंतु हा त्रास वारंवार उद्भवत असेल, तर रक्त नेमके कोणत्या रक्तवाहिनीतून येते याचा शोध घेणे आवश्यक ठरते. शस्त्रक्रियेचा निर्णय प्रामुख्याने त्यावरच अवलंबून असतो.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढील भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. अमेरिकी शल्यचिकित्सक जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये या जागेचे वर्णन केले होते. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये रक्तस्राव येथूनच होतो. कोरडी हवा आणि नाकात बोट घालण्याची सवय ही त्याची नेहमीची कारणे होत. जागा बधिर करून ती सिल्व्हर नायट्रेटने अथवा विद्युत उपकरणाने जाळली जाते. पडद्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी जाळल्यास त्याला छिद्र पडण्याचा धोका असल्याने सहसा एका वेळी एकच बाजू हाताळली जाते.

नाकाच्या मागील भागातील रक्तस्राव अधिक गंभीर असतो. तो प्रामुख्याने वृद्धांमध्ये आढळतो. रक्त घशात उतरत असल्याने त्याचे प्रमाण चटकन लक्षात येत नाही. अशा रुग्णाच्या नाकात पट्टी किंवा फुगा घट्ट बसवून रक्त थांबवले जाते. हा उपाय वेदनादायक असतो, श्वास घेणे कठीण होते आणि पट्टी काढताच पुन्हा रक्त येऊ शकते.

१९९० च्या दशकापासून या स्थितीत दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केली जाऊ लागली. नाकाच्या मागील भागास मुख्यत्वे स्फिनोपॅलाटाईन धमनी रक्त पुरवते. रुग्णाला पूर्ण भूल देऊन नाकपुडीतून दुर्बीण आत नेली जाते आणि ही धमनी जेथून नाकात प्रवेश करते, तेथेच तिला चिमटा लावून किंवा ती जाळून बंद केली जाते. चेहऱ्यावर छेद घ्यावा लागत नाही. बहुसंख्य रुग्णांचा रक्तस्राव यामुळे थांबतो.

भूल देणे धोक्याचे असल्यास जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन रक्तवाहिनी आतून बंद करता येते. त्यात पक्षाघाताचा अल्प धोका असतो. नाकाच्या वरच्या भागातील इथमॉइड धमन्यांसाठी मात्र हा मार्ग सहसा टाळला जातो. त्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्याच शाखा असल्याने दृष्टी जाण्याची भीती असते. त्यांपैकी पुढची धमनी सामान्यतः डोळ्याच्या आतील कोपऱ्याजवळ छेद घेऊन बांधली जाते.

काही कुटुंबांत रक्तवाहिन्या नाजूक असण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. ऑस्लर-वेबर-रेंदू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात पालकांपैकी एक बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. एक जागा बंद केली तरी रक्त दुसरीकडून येते. त्यामुळे पडद्यावरील अस्तर काढून तेथे मांडीच्या त्वचेचे रोपण केले जाते. अतिगंभीर स्थितीत नाकपुड्या शिवून कायमच्या बंद केल्या जातात. हवेचा स्पर्श थांबल्याने रक्तस्रावही थांबतो. मात्र रुग्णाला यापुढे तोंडानेच श्वास घ्यावा लागतो.

घोळणा फुटल्यास रुग्णाने मान मागे न टाकता पुढे झुकून बसावे, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे सलग दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. त्यानंतरही रक्त न थांबल्यास विनाविलंब रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. किशोरवयीन मुलाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल आणि ती चोंदलेली राहत असेल, तर आत रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे हितावह ठरते.