धूम्रपान आणि फुप्फुसांची कार्यक्षमता : महाविद्यालयीन वयाच्या संदर्भात

वडोदऱ्याच्या उत्तरेस मही नदी ओलांडली की चरोतरचा प्रदेश लागतो. आणंद व खेडा जिल्ह्यांतील हा भाग बिडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे या परिसरातील विद्यार्थ्यांना तंबाखू परकी नाही. धूम्रपानाने कर्करोग होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु फुप्फुसांची कार्यक्षमता त्याच्या कितीतरी आधी, कोणतीही तक्रार न जाणवता, घटू लागते.

मापन : ही कार्यक्षमता स्पायरोमेट्री या चाचणीने मोजतात. व्यक्तीने पूर्ण श्वास घेऊन तो नळीत जोराने सोडायचा असतो. बाहेर पडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती हवा पडली, हे यंत्र नोंदवते. हे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेल्यास सामान्यतः श्वासमार्गात अडथळा आहे असे मानले जाते.

परिणाम : धुरामुळे श्वासनलिकांतील सूक्ष्म रोमांची हालचाल मंदावते व कफ साचतो. बारीक श्वासनलिकांना सूज येते आणि कालांतराने वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. फुप्फुसांची वाढ साधारणतः विशीच्या सुरुवातीपर्यंत चालते. पुढे निरोगी व्यक्तीतही पहिल्या सेकंदातील हवा दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. धूम्रपान करणाऱ्या अनेकांत ही घट जवळजवळ दुप्पट असते. अमेरिकेतील सहा शहरांतील १० ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपानाने फुप्फुसांची वाढच मंदावते व मुलींना त्याचा फटका अधिक बसतो, असे त्यात आढळले. म्हणजेच या वयातील सिगारेट भांडवल पुरते जमण्याआधीच ते खर्च करू लागते.

बिडीत तंबाखू कमी, म्हणून ती सौम्य, हा समजही चुकीचा आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात.

निष्कर्ष : २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी आहे. तथापि केवळ कायदा पुरेसा नाही. धूम्रपान सोडल्यावर गमावलेली क्षमता बहुतांशी परत येत नाही. मात्र घटीचा वेग पुन्हा जवळजवळ सामान्य होतो. चाळिशीतील व्यक्तीला उरलेले सांभाळता येते, तर अठराव्या वर्षी सोडणाऱ्याचे जवळपास सारेच वाचू शकते. हा फरक विद्यार्थ्याला वेळेवर समजावून देणे शिक्षकाच्या हाती आहे.